प्रश्न वाचकांचे : सांडपाण्यातील जड धातू आणि शैवाल

मागच्या अंकातील औद्योगिक सांडपाण्यावरच्या लेखात, शैवालाच्या साहाय्याने पाण्यातील जड धातू काढता येतात, असे एक वाक्य ओघात येऊन गेले होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यालाच द्यावे लागले. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांबलचक पत्रांतील मुद्दा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : शैवाल जड धातू ‘खाते’ असे वाचनात येते. म्हणजे ते नेमके काय करते? त्याच्या शरीरात गेल्यावर धातू निर्विष होतो का? (एक शिक्षिका)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण सगळा घोटाळा तिथेच होतो. सांडपाण्यातील साखर, स्टार्च, फिनॉल यांसारखे सेंद्रिय पदार्थ जिवाणू मोडून टाकतात आणि शेवटी त्यांचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन जाते. शिसे, कॅडमियम, पारा, निकेल ही मूलद्रव्ये आहेत. शिशाचे शिशाखेरीज दुसरे काही करणे कोणत्याही सजीवाला शक्य नाही. त्यामुळे धातू ‘नष्ट’ करणाऱ्या कोणत्याही उपायाबद्दल ऐकले की मी एकच गोष्ट विचारतो : इथून निघालेला धातू गेला कुठे? शैवालाच्या बाबतीत उत्तर असे आहे की, लाखो लिटर पाण्यात विखुरलेला आणि म्हणून हाती न लागणारा धातू शैवाल आपल्या काही किलो वस्तुमानात गोळा करून देते. एवढेच त्याचे काम आहे. पण ज्यांनी विरळ द्रावणातून धातू काढण्याचा प्रयत्न केला आहे त्यांना हे ‘एवढेच’ किती मोठे आहे हे ठाऊक असते.

आता ‘खाते’ या शब्दाकडे येऊ. शैवालाकडून धातू दोन प्रकारे उचलला जातो. पहिल्या प्रकारात तो पेशीच्या आत जातच नाही. पेशीभित्तिकेच्या पृष्ठभागावरच अडकतो. या भित्तिकेतील शर्करांच्या आणि प्रथिनांच्या रेणूंवर कार्बोक्सिल, सल्फेट, फॉस्फेट, अमिनो असे रासायनिक गट असतात. त्यांपैकी पहिल्या तिघांवर पाण्यात बहुधा ऋण विद्युत्‌भार असतो, आणि पाण्यातील धातूंचे आयन धनभारित असल्याने ते तिथे येऊन बसतात. बसताना ते आधीपासून त्या जागा अडवून बसलेल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम किंवा हायड्रोजन आयनांना बाहेर काढतात, म्हणजे हा मुख्यतः आयन-विनिमय असतो. याला जैव-अधिशोषण म्हणतात. त्यासाठी शैवाल जिवंत असण्याची गरज नसते आणि बहुतेक काम काही मिनिटांत उरकते. दुसऱ्या प्रकारात जिवंत पेशी धातूचे आयन आत ओढून घेते. त्याला वेळ आणि ऊर्जा दोन्ही लागतात. ‘खाणे’ हा शब्द लावायचाच तर फक्त या दुसऱ्या प्रकाराला लावावा.

पहिला प्रकार डोळ्यांनी पाहता येतो. मी विद्यार्थ्यांना एक साधा प्रयोग दाखवत असतो. वाळवलेल्या तपकिरी समुद्री शैवालाचे तुकडे आधी पाण्याने धुऊन, मग कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात रात्रभर ठेवून पुन्हा धुऊन वाळवायचे. हे केले नाही तर शैवालातून तपकिरी चिकट द्रव सुटतो आणि पुढचे काहीच दिसत नाही. मग १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३२ मिलिग्रॅम तांबे येईल इतके मोरचूद विरघळवायचे. पांढऱ्या कागदावर चंचुपात्र ठेवले की फिकट निळा रंग स्पष्ट दिसतो. त्यात या शैवालाचे एक ग्रॅम तुकडे टाकून ढवळत राहिले की तास-दोन तासांत निळा रंग जवळपास जातो. वर्गातला पहिला प्रतिसाद ठरलेला असतो : “तांबे संपले!” तेव्हा ते तुकडे गाळून घेऊन २० मिलिलिटर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकतो. थोड्याच वेळात आम्लाला निळी झाक येऊ लागते आणि अखेरीस तो निळा रंग मूळ पाण्यापेक्षा कितीतरी गडद असतो, कारण तेच तांबे आता पाचपट कमी पाण्यात आलेले असते. वर्गात त्यानंतर ‘संपले’ हा शब्द कोणी वापरत नाही.

प्रश्न : आमच्याकडे चुना टाकून धातू खाली बसवतात आणि गाळ वेगळा काढतात. पद्धत स्वस्त आहे, वर्षानुवर्षे चालू आहे. मग शैवालाचा खटाटोप कशासाठी? (विद्युत्‌विलेपन कारखान्यातील पर्यवेक्षक)

उत्तर : चुन्याची पद्धत सोडावी असे मी सुचवणार नाही. पाण्यात धातू भरपूर असेल तर तिच्याइतकी सोपी पद्धत नाही. तिची अडचण शेवटच्या टप्प्यात येते. चुन्यामुळे पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा (पीएच), वाढतो आणि धातूंची हायड्रॉक्साइडे साका (न विरघळणारा गाळ) होऊन खाली बसतात, पण प्रत्येक धातूचा साका सगळ्यात चांगला बसण्याचा सामू वेगळा असतो. त्रिसंयुजी क्रोमियमसाठी तो साधारण ८ च्या आसपास, तांब्यासाठी ९ च्या जवळ, निकेलसाठी १० च्या वर, तर कॅडमियमसाठी ११ च्या जवळपास असतो. त्यातच क्रोमियम आणि जस्त यांची हायड्रॉक्साइडे सामू फार वाढवला की पुन्हा विरघळू लागतात. एकाच टाकीत चार धातू असलेल्या पाण्याला सगळ्यांना मानवेल असा एक सामू सापडत नाही, आणि कोणता ना कोणता धातू लिटरमागे एक-दोन मिलिग्रॅम इतका मागे राहून जातो. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा कॅडमियमला लिटरमागे ०.००३ मिलिग्रॅम आणि शिशाला ०.०१ मिलिग्रॅम आहे. सांडपाण्याच्या मर्यादा इतक्या कडक नसतात. तरीही पाणी पुढे जाऊन ज्या नदीत किंवा भूजलात मिसळते त्याचा विचार केला, तर मागे राहिलेले एक-दोन मिलिग्रॅम किरकोळ नव्हेत हे लक्षात येईल.

आता हिशेब मांडून पाहू. समजा, रोज एक लाख लिटर पाणी निघते आणि त्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅम कॅडमियम आहे. म्हणजे रोज २० किलो कॅडमियम झाले. एक ग्रॅम कोरडे शैवाल व्यवहारात ४० मिलिग्रॅम धातू धरते असे मानले, तर रोज ५०० किलो शैवाल लागेल, आणि हे कोणीही करणार नाही. तेच पाणी आधी चुन्याने हाताळले आणि लिटरमागे २ मिलिग्रॅम उरले, तर उरलेला धातू दिवसाला फक्त २०० ग्रॅम भरतो आणि ५ किलो शैवाल पुरते. पाणी जितके विरळ तितकी ग्रॅममागची पकडही थोडी उतरते, म्हणून ५ ऐवजी १० किलो धरा. तरीही आकडा आवाक्यातला आहे. म्हणूनच माझे मत असे की शैवालाची खरी जागा चुन्याच्या टाकीच्या पुढे, शेवटचा हात फिरवण्यासाठी आहे. त्या जागी त्याची स्पर्धा आयन-विनिमय रेझीन (आयन धरणारे कृत्रिम दाणे) आणि व्यस्त परासरण (आरओ) यांच्याशी आहे, आणि हे दोन्ही उपाय महाग आहेत.

प्रश्न : शैवालाचे हजारो प्रकार आहेत. या कामाला सगळ्यात चांगले कोणते? (पदव्युत्तर विद्यार्थी)

उत्तर : मेलेल्या, वाळवलेल्या शैवालाचा विचार असेल तर तपकिरी समुद्री शैवाले. सर्गॅसम, अ‍ॅस्कोफायलम, फ्यूकस, लॅमिनेरिया, एक्लोनिया ही त्यांतली अभ्यासलेली नावे. त्यांचे वैशिष्ट्य म्हणजे अल्जिनेट. एडवर्ड स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने १८८१ मध्ये समुद्री शैवालातून काढलेला हा पदार्थ आज आइस्क्रीमपासून दातांचे साचे घेण्यापर्यंत सर्वत्र वापरला जातो. तपकिरी शैवालाच्या कोरड्या वजनात अल्जिनेटचे प्रमाण साधारण १० ते ४० टक्के असते. मॅन्युरॉनिक आणि ग्युल्युरॉनिक या दोन आम्लांच्या कड्यांची ही लांब साखळी असून प्रत्येक कडीवर एक कार्बोक्सिल गट असतो. ग्युल्युरॉनिक कड्या सलग आल्या की साखळी नागमोडी होते. अशा दोन साखळ्या समोरासमोर आल्या म्हणजे त्यांच्या वळणांमध्ये खोलगट जागा तयार होतात आणि दोन धनभार असलेला धातूचा आयन त्या खळग्यात नेमका बसतो. कॅल्शियम तिथे आधीपासून असतोच. शिसे, तांबे किंवा कॅडमियम आले की कॅल्शियमला जागा सोडावी लागते, कारण त्यांची पकड अधिक घट्ट असते. शिवाय या शैवालांत फ्युकॉयडन नावाची सल्फेटयुक्त शर्करा असते, तीही थोडा हातभार लावते.

या गटातली शैवाले ग्रॅममागे सर्वसाधारणपणे अर्धा ते दीड मिलिमोल धातू धरतात. ‘मिलिमोल’ मुद्दाम लिहिले, कारण ते वजन नसून अणूंची एक ठरावीक संख्या आहे. शिशाचा अणू जड, म्हणून एक मिलिमोल शिसे २०७ मिलिग्रॅम भरते. तांबे त्याच हिशेबाने ६३ किंवा ६४ मिलिग्रॅमच भरेल. मिलिग्रॅममधले आकडे शेजारी ठेवून ‘हे शैवाल शिशासाठी तिप्पट चांगले’ असे निष्कर्ष काढलेले प्रबंध मी तपासले आहेत. त्या प्रबंधांत जागा तेवढ्याच भरलेल्या होत्या, फरक होता तो अणूंच्या वजनाचा. आपल्या प्रबंधात ही चूक होऊ देऊ नका. तरीही पसंतीक्रम असतो हे खरे : बहुतेक तपकिरी शैवालांत शिसे पहिले, मग तांबे, त्यानंतर कॅडमियम, जस्त आणि निकेल, असा साधारण क्रम दिसतो. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात बोहुमिल वोलेस्की यांच्या गटाने या विषयाचा पाया घातला. त्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात अ‍ॅस्कोफायलमने ग्रॅममागे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅडमियम धरले होते आणि तुलनेला घेतलेल्या बाजारातील रेझीनला मागे टाकले होते.

क्लोरेला, सेनेडेस्मस यांसारखी सूक्ष्म हिरवी शैवालेही धातू धरतात, पण त्यांची पेशी काही मायक्रोमीटरचीच असते. पाण्यातून धातू काढला आणि आता पाण्यातून शैवाल कसे काढायचे, हा नवा प्रश्न उभा राहतो. म्हणून त्यांना सिलिका किंवा अल्जिनेटच्या मण्यांत बांधून वापरावे लागते.

प्रश्न : मेलेले शैवाल काम करते तर जिवंत शैवालाचे तलाव बांधण्याची गरजच काय? (अभियंता)

उत्तर : धातू हा एकमेव प्रश्न असेल तर नाही. पाणी आम्लधर्मी आणि विषारी असेल तर जिवंत शैवाल टिकतच नाही. जलाशयातील शैवाल मारण्यासाठी गेले शतकभर मोरचूदच वापरले जात आले आहे, आणि त्यासाठी लिटरमागे एक मिलिग्रॅमहून कमी तांबेही अनेकदा पुरते. तेव्हा विलेपनाच्या टाकीतले पाणी थेट शैवालाच्या तलावात सोडणाऱ्याने काय होईल याची कल्पना आधीच करावी.

मात्र धातू थोडे आणि सोबत नायट्रोजन, फॉस्फरस असलेले मिश्र पाणी असेल, तर जिवंत तलाव एकाच वेळी अनेक कामे करतो. १९५० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे विल्यम ऑस्वाल्ड यांनी विकसित केलेले उथळ, वर्तुळाकार फिरत्या पाण्याचे तलाव यासाठी वापरतात. त्यांची खोली सुमारे ३० सेंटिमीटर असते आणि पाणी मोठ्या वल्ह्यांच्या चाकाने संथ फिरत ठेवतात. एक लाख लिटर पाणी पाच दिवस ठेवायचे म्हटले तर सुमारे १,७०० चौरस मीटर जागा लागेल. ही जागा आहे का, हे प्रथम पाहावे. इथे एक सुंदर गोष्ट घडते. दिवसा प्रकाशसंश्लेषणासाठी शैवाल पाण्यातील कार्बन डायऑक्साइड वापरून टाकते, त्यामुळे दुपारपर्यंत सामू ९ च्या पुढे जातो आणि काही धातू आपोआप साका होऊन खाली बसतात. म्हणजे चुन्याचे काम ऊन करते! पण रात्री श्वसन चालू राहते, कार्बन डायऑक्साइड परत येतो, सामू उतरतो आणि बसलेल्या धातूपैकी काही भाग पुन्हा पाण्यात येऊ शकतो. म्हणून अशा तलावाचा नमुना फक्त दुपारी तीनला घेऊन ‘धातू निघाला’ म्हणणे योग्य नाही. पहाटेचाही नमुना घ्या.

जिवंत पेशी आत आलेल्या धातूचे काय करते, हेही पाहण्यासारखे आहे. कॅडमियम आत शिरले की पेशी ग्लुटाथायोनपासून फायटोकेलॅटिन नावाचे छोटे पेप्टाइड तयार करते. त्यातील गंधकाचे अणू कॅडमियमला धरून ठेवतात आणि तो जोड रिक्तिकेत नेऊन बंद केला जातो. ही पेप्टाइडे १९८५ मध्ये वनस्पतींच्या पेशींत सापडली आणि नंतर शैवालांतही. त्याहून अचंबा वाटावा अशी गोष्ट थॅलॅसिओसिरा या समुद्री करंडक शैवालाची आहे. समुद्रात जस्त कमी पडले की ते आपल्या एका विकरात जस्ताच्या जागी कॅडमियम वापरते. ज्या धातूचा सजीवांना काहीच उपयोग नाही असे आपण शिकवत आलो, त्याचा जीवसृष्टीतला हा एकमेव ठाऊक उपयोग आहे.

प्रश्न : आम्ही शैवालाची भुकटी भरलेला स्तंभ बसवला. प्रयोगशाळेत ९५ टक्के धातू निघत होता, कारखान्यात निम्माही निघाला नाही. आमच्या पाण्यात कॅडमियम, निकेल आणि षट्संयुजी क्रोमियम आहे. चूक कुठे झाली असेल? (कारखान्याच्या प्रयोगशाळेतील रसायनतज्ज्ञ)

उत्तर : पत्रासोबत आपण पाण्याचे विश्लेषण पाठवले हे फार बरे केले, कारण त्यातच उत्तर आहे. त्या तक्त्यात सायनाइडचाही एक आकडा आहे.

प्रयोगशाळेत आपण शुद्ध कॅडमियम नायट्रेटचे द्रावण घेतले असणार. त्यात कॅडमियम मोकळा धन आयन म्हणून फिरत असतो. विलेपनाच्या पाण्यात तो सायनाइडने वेढलेला असतो आणि त्या संपूर्ण जटिल आयनावर ऋण भार असतो. शैवालाची भित्तिकाही ऋणभारित. तेव्हा त्यांनी एकमेकांकडे पाठ फिरवणे स्वाभाविक आहे. धातू स्वच्छ करण्याच्या द्रावणांतून येणारे ईडीटीए, सायट्रेट, टार्ट्रेट हेही हेच करतात. विश्लेषणाचा अहवाल ‘एकूण कॅडमियम’ सांगतो. शैवालाला मात्र त्यातले मोकळे कॅडमियम तेवढे मिळते. म्हणून सायनाइडचे पाणी सुरुवातीपासून वेगळ्या नळाने आणून, अल्कधर्मी स्थितीत क्लोरिनने त्याचे ऑक्सिडीभवन करून मगच पुढे न्यावे. इथे एक गोष्ट बजावून सांगतो. सायनाइड शिल्लक असलेले पाणी, शैवालाला मानवेल म्हणून, कधीही आम्लधर्मी करू नका. त्यातून हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि तो माणूस मारतो.

दुसरी अडचण क्रोमियमची. षट्संयुजी क्रोमियम पाण्यात क्रोमेट या ऋण आयनाच्या रूपात असतो, त्यामुळे कॅडमियम आणि निकेलला जो सामू चालतो तो क्रोमियमला चालत नाही. पहिल्या दोघांसाठी ४ ते ६ च्या दरम्यानचा सामू चांगला. त्याखाली गेले की हायड्रोजन आयन कार्बोक्सिल गटांच्या जागा बळकावतात आणि फार वर गेले की धातूचा साका होऊन स्तंभाची छिद्रे बुजतात. क्रोमेटला मात्र २ च्या आसपासचा सामू लागतो, कारण तिथे भित्तिकेवरचा भार उलटतो. शिवाय तिथे निव्वळ अधिशोषण होत नाही. शैवालातील सेंद्रिय पदार्थ क्रोमेटचे त्रिसंयुजी क्रोमियम करतात आणि त्यात शैवाल स्वतः हळूहळू जळून जाते. एकाच स्तंभात दोन्ही कामे होणार नाहीत. क्रोमियमचा प्रवाह वेगळा काढून नेहमीप्रमाणे बायसल्फाइटने क्षपण करून घ्या. तीच वाट सोपी आहे.

तिसरी गोष्ट आपण एका वाक्यात लिहिली आहे, पण मला ती महत्त्वाची वाटते : “दोन दिवसांनी स्तंभातून पाणी उतरेनासे झाले.” कच्ची भुकटी पाण्यात फुगते, मऊ पडते आणि दाबाखाली चिखलासारखी बसते. मग पाणी स्तंभाच्या कडेने किंवा एखाद्या भेगेतून वाट काढते आणि मधल्या शैवालाला धातू भेटतच नाही. भुकटीऐवजी अर्धा ते एक मिलिमीटरचे, कॅल्शियमने घट्ट केलेले दाणे वापरावेत, बारीक चाळ आधीच काढून टाकावी आणि स्तंभाच्या आधी वाळूची गाळणी ठेवावी. स्तंभातून बाहेर येणाऱ्या पाण्याचा नमुना दर तासाला घेऊन आलेख काढलात, तर धातू अचानक वर येतो की सुरुवातीपासूनच थोडा थोडा निसटतो, हे दिसेल. पहिले असेल तर स्तंभ भरला. दुसरे असेल तर पाणी आडवाटेने जाते आहे किंवा धातू जटिल रूपात आहे. एवढे कळले तरी अर्धे निदान झाले.

प्रश्न : धातू धरलेले शैवाल खत म्हणून किंवा गुरांच्या खाद्यात वापरता येईल का? त्यात नायट्रोजन, खनिजे असतातच. (दोन वाचक)

उत्तर : नाही. कोणत्याही प्रमाणात नाही, कशातही मिसळून नाही. महत्प्रयासाने एकत्र आणलेला धातू पुन्हा शेतात पसरवायचा आणि पिकांच्या, गुरांच्या वाटेने ताटात आणायचा, असा त्याचा अर्थ होतो. स्वच्छ समुद्रातले शैवालसुद्धा आपल्या स्वभावाने धातू गोळा करते : हिजिकी या खाद्य शैवालात असेंद्रिय आर्सेनिक इतके आढळले की ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २००४ मध्ये ते खाऊ नये असा सल्ला दिला. मग सांडपाण्यात भिजवलेल्या शैवालाबद्दल वेगळे सांगायला नको.

योग्य मार्ग दोन आहेत. धातू मोलाचा असेल, म्हणजे तांबे, निकेल किंवा चांदी, तर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लासारख्या सौम्य आम्लाने तो धुऊन काढावा; त्या घट्ट द्रावणातून विद्युत्‌विच्छेदनाने धातू परत मिळवता येतो आणि शैवाल पुन्हा कामाला लावता येते. प्रत्येक धुण्यात शैवाल थोडे झिजते, म्हणून आम्ल वापरल्यावर कॅल्शियम क्लोराइडने त्याला पुन्हा बळ द्यावे लागते. धातू मोलाचा नसेल किंवा शैवाल थकले असेल, तर ते घातक कचरा समजून अधिकृत सुरक्षित जागीच पाठवावे. उघड्यावर जाळण्याचा मोह होतो, कारण आकारमान एकदम घटते. पण पारा आणि कॅडमियम तापल्यावर धुरात जातात. धूर पकडण्याची सोय असलेल्या भट्टीखेरीज ते जाळू नये.

प्रश्न : प्रदूषित तलावात शैवाल आपोआप वाढतेच. मग ते तलाव स्वच्छ करत नाही का? (एक निवृत्त वाचक)

उत्तर : पाण्यातून धातू उचलते, पण तलावाबाहेर नेत नाही. शैवाल मरून तळाशी गेले की धातू गाळात जातो, आणि जिवंत असताना ते माशांच्या पिलांनी किंवा सूक्ष्म प्राण्यांनी खाल्ले की धातू अन्नसाखळीत चढतो. पाऱ्याच्या बाबतीत हे फार गंभीर आहे. गाळातील जिवाणू पाऱ्याचे मिथिल-पाऱ्यात रूपांतर करतात, आणि पाण्यापासून मोठ्या माशापर्यंतच्या प्रवासात मिथिल-पाऱ्याचे प्रमाण सर्वात मोठी उडी घेते ती पाण्यातून सूक्ष्म शैवालात येतानाच. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदवलेला आजार कारखान्याच्या पाण्यातील मिथिल-पाऱ्यामुळे, मासे आणि शिंपले यांच्या वाटेने माणसांत आला होता. शैवाल वेळेवर काढून नेणारा कोणी असेल, तरच त्याला उपाय म्हणता येईल.

प्रश्न : इतके सगळे ठाऊक असूनही ही पद्धत सर्रास दिसत का नाही? (अनेक वाचक)

उत्तर : हा प्रश्न मलाही अस्वस्थ करतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमधील एका कंपनीने क्लोरेला सिलिकात बांधून ‘अल्गासॉर्ब’ नावाने बाजारात आणले होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या कार्यक्रमात पाऱ्याने दूषित भूजलावर त्याची चाचणीही झाली. पद्धत चालत होती. तरी ती पसरली नाही, याची मला तीन कारणे दिसतात. रेझीन कारखान्यात बनते आणि प्रत्येक पोते सारखेच असते. शैवाल मात्र ऋतूनुसार, समुद्रानुसार, अगदी पानाच्या वयानुसार बदलते. दुसरे असे की, ‘फुकटचे’ शैवाल गोळा करून, धुऊन, वाळवून, दाणे करून, घट्ट करून स्तंभात भरेपर्यंत फुकट राहत नाही. तिसरे कारण आम्हा संशोधकांचे आहे. आम्ही शेकडो शोधनिबंध एकाच धातूच्या शुद्ध द्रावणावर लिहिले आणि पृष्ठभागावर किती पदार्थ बसतो हे मांडणाऱ्या लँगम्यूरच्या समीकरणात बसवून थांबलो. खऱ्या सांडपाण्यावर, महिनोन्‌महिने चालवलेल्या स्तंभाचे काम त्या मानाने फार थोडे झाले.

आशा वाटावी अशी एक घडामोड मात्र आहे. २०११ पासून कॅरिबियन किनाऱ्यांवर सर्गॅसमचे प्रचंड ढीग वाहून येत आहेत आणि त्यांचे काय करावे हे तिथल्या लोकांना समजत नाही. हा कच्चा माल या कामाला लावण्याचे प्रयत्न चालू आहेत. तो आधीच समुद्रातले आर्सेनिक घेऊन आलेला असतो, म्हणून वापरण्यापूर्वी धुऊन तपासावा लागेल.

प्रश्न : शैवालाने पाण्यातील धातू काढण्याचा एखादा प्रयोग शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात करता येईल का? (दहावीची विद्यार्थिनी)

उत्तर : पहिल्या उत्तरातला तांब्याचा प्रयोग करता येईल, शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि हातमोजे, चष्मा घालून. फक्त तांबेच घे. शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांना हात लावू नकोस. समुद्री शैवाल मिळाले नाही तर औषधी किंवा अन्नपदार्थांच्या दुकानातून सोडियम अल्जिनेट आण, त्याचे दोन टक्क्यांचे द्रावण कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंबथेंब सोड, म्हणजे पारदर्शक मणी तयार होतील. हे मणी मोरचुदाच्या फिकट द्रावणात टाकलेस की पाणी फिके होत जाईल आणि मणी निळे होत जातील. रंग पाण्यातून मण्यात जाताना दिसतो, म्हणून प्रेक्षकांना समजावणे शैवालाच्या तुकड्यांपेक्षा सोपे जाते. सोबत मणी न टाकलेले तेच द्रावण दुसऱ्या चंचुपात्रात शेजारी ठेव, नाहीतर फरक किती झाला हे कोणालाच सांगता येणार नाही. प्रदर्शन संपल्यावर उरलेले निळे पाणी आणि निळे मणी बेसिनमध्ये ओतू नकोस. झाकणाच्या बरणीत भरून, वर ‘तांबे’ अशी चिठ्ठी लावून प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात शिक्षकांच्या हाती दे.